चित्रांची खोटी साक्ष

डोळे आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपली वडील माणसे सांगत आली आहेत. ऐकलेल्या गोष्टीवर एकदम भरवसा ठेवू नये, ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी व मगच खरी मानावी, हा त्या बोलण्याचा मथितार्थ. आम्हांस शाळेत व घरी हाच धडा मिळाला आणि तो पुष्कळ अंशी उपयोगीही पडला. परंतु अलीकडच्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची अशी साधने निघाली आहेत की, जे कधी घडलेच नाही त्याचे चित्र त्यांच्या योगाने हुबेहूब छायाचित्रासारखे तयार होते. त्यास कुंचला लागत नाही, कॅमेरा लागत नाही, हातात कसबही लागत नाही. काय हवे ते चार शब्दांत सांगितले म्हणजे पुरे. त्यामुळे डोळाही आता कानाइतकाच फसू लागला आहे. अशा चित्रांना कोणते नियम असावेत, ते कोणी पाळावेत आणि त्यांत विद्यार्थ्यांचा व पालकांचा वाटा कोणता, याविषयी आमचे मत येथे मांडण्याचे योजिले आहे.

खरे सांगावयाचे तर हा विषय आम्हांस दूरचा वाटत होता. तो एका चित्राने जवळ आणिला. हिवाळ्यातील गोष्ट. मढ गावाकडील एका पालकांनी आपला मोबाइल आम्हांस दाखविला. त्यावर चित्र होते ते असे: सांजवेळ झाली आहे, रस्त्याकडेला एस. टी. थांब्याची शेड आहे आणि शेडच्या ओट्यावर पूर्ण वाढीचा बिबट्या बसला आहे. खाली मजकूर होता की, हा मढच्या थांब्यावर आत्ता दिसला, मुलांना बाहेर सोडू नका. चित्र पाहून कोणाच्याही अंगावर काटा उभा राहावा. त्या पालकांनी दुसऱ्या दिवशी मुलीस शाळेत पाठविले नाही; आणखी काही घरांतही तसेच झाले. पुढे कोणी ते चित्र बारकाईने न्याहाळिले, तेव्हा शेडवरील पाटीची अक्षरे देवनागरीसारखी दिसत असूनही त्यांतील एकही शब्द लागत नाही असे आढळले. खांबाची सावली एकीकडे पडली होती आणि बिबट्याची दुसरीकडे. चित्र यंत्राने केलेले होते. कोणी केले ते अखेरपर्यंत कळले नाही. ज्याने केले त्यास बहुधा घटकाभर करमणूक हवी असावी.

इतर एखाद्या गावी ही थट्टा म्हणून सोडून देता आली असती. आपल्याकडे तसे करिता येत नाही, कारण आपल्याकडे बिबट्या खरोखरच आहे. मढ हे गाव माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिंपळगाव जोगे धरणाच्या परिसरात वसलेले आहे. पश्चिमेस सह्याद्रीचे डोंगर व रान. पूर्वेस कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पोसलेली उसाची शेते. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज व पिंपळगाव जोगे या पाच धरणांनी जुन्नर-आंबेगावचा कायापालट केला. परंतु उंच, दाट उसात बिबट्यासही आसरा मिळाला. मादी तेथेच पिले घालते, आणि ऊस तोडणीस आला की माणूस व बिबट्या समोरासमोर येतात. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते, यावरूनच या प्रश्नाचे स्वरूप ध्यानात यावे.

२०२५ सालच्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत जे घडले ते तर कोणीही विसरणार नाही. जुन्नर वनविभागातील शिरूर तालुक्यात, पिंपरखेड व जांबूत या परिसरात, १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याने तीन जणांचे प्राण घेतले. त्यांत एक पाच वर्षांची बालिका, एक वृद्धा आणि एक तेरा वर्षांचा मुलगा होता. लोकांचा संताप अनावर होऊन वनखात्याचे वाहन जाळण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी मंचर येथे पुणे-नाशिक महामार्ग कित्येक तास अडविण्यात आला. पुढे एका बिबट्यास गोळी घालण्यात आली. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात यंत्राने केलेली बिबट्याची बनावट चित्रे व चित्रफिती मोबाइलवरून फिरू लागल्या, आणि अशा गोष्टी पसरविणाऱ्यांस वनखात्याला इशारा द्यावा लागला. ज्या घरांत मूल गेले त्या घरांचे अश्रू सुकले नव्हते, आणि इकडे कोणी गंमत म्हणून खोटा बिबट्या रस्त्यावर बसवीत होते. याहून निर्दय थट्टा आम्हांस सुचत नाही.

अशा चित्राने होणारी हानी तिहेरी आहे. पहिली भीतीची, ती उघड दिसते. दुसरी श्रमाची. चित्र खरे की खोटे हे वनरक्षकास घरबसल्या सांगता येत नाही. त्यास जावेच लागते. लखनौ शहरात ऑक्टोबर २०२५ मध्ये एका तरुणाने अशीच बिबट्याची बनावट चित्रे पसरविली, तेव्हा वनखात्याची माणसे नसलेल्या जनावराचा शोध घेत फिरली, आणि अखेर पोलिसांनी त्या तरुणास पकडिले. ते मनुष्यबळ त्या वेळी दुसरीकडे हवे असते तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा. तिसरी हानी विश्वासाची, आणि आमच्या मते हीच सर्वांत मोठी. 'लांडगा आला रे आला' म्हणून ओरडणाऱ्या धनगराच्या पोराची गोष्ट आपण सर्वांनी बालपणी ऐकिली आहे. त्या गोष्टीत खोटे बोलला तो मुलगा, आणि मेंढरे गेली तीही त्याच्याच राखणीतली. येथे तसे नाही. खोटे चित्र करणारा शहरात दिवाणखान्यात सुखरूप बसलेला असतो. चार खोट्या चित्रांनंतर पाचवे खरे चित्र आले व लोकांनी ते हसण्यावारी नेले, तर त्याची किंमत उसाच्या बांधावरून शाळेस जाणारे पोर भरणार.

छायाचित्राने फसवणूक करणे ही गोष्ट मात्र नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. १९१७ साली इंग्लंडात यॉर्कशर परगण्यातील कॉटिंग्ली गावी एल्सी राइट व फ्रान्सिस ग्रिफिथ्स या दोन मावस बहिणींनी ओढ्याकाठी छायाचित्रे घेतली. त्यांत मुलींसमोर इवल्याशा पऱ्या नाचताना दिसत होत्या. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल यांच्यासारख्या विद्वान गृहस्थाने ती खरी मानिली, आणि डिसेंबर १९२० मध्ये स्ट्रँड मासिकात त्यांवर लेख लिहिला. त्या पऱ्या म्हणजे कागदावर काढून कातरलेली व टोपीच्या टाचण्यांनी उभी केलेली चित्रे होती, याची कबुली मिळावयास १९८३ साल उजाडावे लागले. तोवर त्या दोघी म्हाताऱ्या झाल्या होत्या. फरक इतकाच की, त्या मुलींस कागद, कातर, टाचण्या, कॅमेरा आणि उन्हाची वेळ एवढा खटाटोप करावा लागला, आणि एकंदर पाचच चित्रे निघाली. आज एका बैठकीत शंभर निघतात, व निघाल्यापासून घटकेच्या आत हजारो घरी पोहोचतात. २२ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या युद्धखात्याच्या पेंटॅगॉन या इमारतीपाशी स्फोट झाल्याचे एक बनावट चित्र असेच पसरले, आणि ते खोटे असल्याचा खुलासा होण्यापूर्वी तेथील शेअरबाजारही क्षणभर डळमळला. वस्तू जुनीच, वेग नवा. आणि वेग वाढला की तेच हत्यार अधिक खोल जाते.

केवळ मोबाइलवरील अफवेने काय होऊ शकते हे पाहण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याचेही कारण नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांस ठार मारिले. ती भिक्षा मागून पोट भरणारी गरीब माणसे होती. त्या वेळी चित्रे तयार करणारी आजची यंत्रे लोकांच्या हाती नव्हती. नुसत्या अफवेने एवढा अनर्थ केला. उद्या त्या अफवेस एखाद्या निरपराध माणसाच्या चेहऱ्याचे बनावट चित्र जोडले गेले तर काय होईल, हे आम्ही सांगावयास नको.

आता नियमांकडे वळू. हिंदुस्थान सरकारने समाजमाध्यम चालविणाऱ्या कंपन्यांसाठी २०२१ साली नियम केले होते. त्यांत १० फेब्रुवारी २०२६ रोजी दुरुस्ती जाहीर झाली व २० फेब्रुवारीपासून ती अमलात आली. तिचा सारांश असा. यंत्राने तयार केलेले परंतु खऱ्यासारखे भासणारे चित्र, चित्रफीत किंवा आवाज यांवर, ते तसे केलेले आहे हे सहज दिसेल अशी खूण असली पाहिजे. चित्र कोठून निघाले हे पुढे शोधता यावे यासाठी त्याच्या पोटात एक अदृश्य नोंदही, शक्य तेथे, ठेवली पाहिजे. आणि ही खूण वा नोंद पुसून टाकण्याची सोय कंपनीने देता कामा नये. मोठ्या कंपन्यांनी, चित्र टाकणाऱ्यास ते यंत्राचे आहे काय असे विचारले पाहिजे, व त्याचे उत्तर आपल्या साधनांनी पडताळून पाहिले पाहिजे. न्यायालयाचा अथवा सरकारचा हुकूम आल्यास बेकायदेशीर मजकूर काढून टाकण्यास पूर्वी छत्तीस तासांची मुदत होती, ती आता तीन तासांवर आणिली आहे. छायाचित्राचा उजेड कमी-अधिक करणे, रंग सुधारणे अशा नित्याच्या प्रामाणिक दुरुस्त्यांस हे नियम लागू नाहीत. ऑक्टोबर २०२५ मधील मसुद्यात चित्राचा निदान एक दशांश भाग खुणेने व्यापावा असे होते. ते मागाहून गाळण्यात आले. चीन देशानेही १ सप्टेंबर २०२५ पासून अशी खूण सक्तीची केली आहे. तेव्हा हा प्रश्न एकट्या आपल्याच देशाचा आहे असे नाही.

हे नियम योग्य दिशेने आहेत असे आमचे मत आहे. परंतु त्यांच्यावर विसंबून निजणे शहाणपणाचे होणार नाही. याचे कारण छाननीची रीत कशी आहे ते पाहिले म्हणजे समजेल. कंपनीकडे दररोज येणारी चित्रे इतकी असंख्य की ती माणसांनी एकेक पाहणे अशक्य. म्हणून प्रथम यंत्रच चाळणी लावते. संशय आला अथवा कोणी तक्रार केली म्हणजे मग चित्र माणसासमोर जाते. आता, चित्राच्या पोटातील नोंद कितीही चांगली असली तरी कोणी पडद्याचेच छायाचित्र घेतले म्हणजे ती बहुधा नाहीशी होते. वरची खूण कातरून टाकिता येते. शिवाय व्हॉट्सॲपसारख्या साधनावरील खाजगी निरोप पाठविणारा व घेणारा यांवाचून कोणास, खुद्द कंपनीसही, वाचता येत नाहीत. २०१६ पासून तशी रचना आहे. खाजगीपणाच्या दृष्टीने ती इष्टच आहे. परंतु तेथे चाळणी नाही. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर कंपनीने २०१८ साली एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये असा निर्बंध घातला, व २०२० साली वारंवार फिरलेल्या निरोपास एकाच ठिकाणाची मर्यादा घातली. एवढेच तिच्या हाती होते. मढच्या त्या पालकांकडे चित्र आले ते अशाच एका गटातून, एका ओळखीच्या व सद्हेतूच्या माणसाकडून. तेथे सरकारचा नियम पोहोचत नाही. फक्त माणसाची सद्बुद्धी पोहोचते.

कोणी म्हणेल, एवढे अनर्थकारक यंत्र बंदच का करू नये? आम्हांस हे मत मान्य नाही. छापखाना या देशात आला तेव्हाही त्याची धास्ती पुष्कळांस वाटली होती. मिशनांनी छापखाने काढिले, शाळांची पुस्तके छापिली. अहमदनगरहून १८४२ साली 'ज्ञानोदय' निघाले. त्याच साधनाने निंदेची पत्रकेही छापता येत होती. म्हणून काय छापखाने मोडून टाकिले? नाही. १८६७ साली कायदा झाला की, प्रत्येक छापील पुस्तकावर व कागदावर छापणाऱ्याचे नाव व छापल्याचे ठिकाण स्पष्ट असले पाहिजे. तो कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. काय छापावे हे त्या एका ओळीने कोणास सांगितले नाही. परंतु जे छापिले त्याची जबाबदारी कोणाची हे सांगितले. आजच्या चित्रांवरील खूण आम्हांस त्या ओळीची नात वाटते. तिचे काम कल्पनेस बेडी घालण्याचे नाही. तिचे काम खऱ्या चित्राची पत राखण्याचे आहे.

नियम करताना चित्रांचे तीन प्रकार वेगळे मानिले पाहिजेत असे आम्हांस वाटते. पहिला प्रकार कल्पनाचित्रांचा. फेटा बांधून शाळेत बसलेला बिबट्या, ढगांतून उडणारी आगगाडी, एखाद्या मुलाने लिहिलेल्या गोष्टीसाठी केलेले चित्र. ही खरी असल्याचा दावा कोणी करीत नाही. यांस खूण असावी, आणि त्यापलीकडे कोणी त्यांच्या वाटेस जाऊ नये. दुसरा प्रकार साक्षीचित्रांचा. 'अमुक ठिकाणी, अमुक वेळी हे घडले' असे जे चित्र सांगते ते साक्षीदाराच्या जागी उभे असते. येथे यंत्राचे चित्र खऱ्याच्या नावाने पुढे करणे ही खोटी साक्ष होय. त्यावर नुसती कोपऱ्यातली खूण पुरत नाही, ते काढूनच टाकिले पाहिजे आणि करणाऱ्यास जाब विचारिला पाहिजे. तिसरा प्रकार जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा. एखाद्या मुलीचे वर्गाच्या छायाचित्रातील तोंड घेऊन ते अश्लील वा लाजिरवाण्या चित्रास जोडणे, हा प्रकार यंत्राने अत्यंत सोपा केला आहे. येथे खूण लाविली काय आणि न लाविली काय, सारखेच. कारण चित्र खोटे आहे हे सर्वांस ठाऊक असले तरी त्या मुलीची मान खाली जावयाची ती जातेच. यावर संपूर्ण बंदीच हवी. तशी तक्रार आल्यास दोन तासांत चित्र हटवावे असे नवे नियम सांगतात, ते यथार्थ आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, असे चित्र करणे हा खोडकरपणा नव्हे. तो अपराध आहे, आणि अल्पवयीन मुलीचे असल्यास फार गंभीर अपराध आहे.

आमच्या मतावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. खोटी चित्रे काढून टाकण्याच्या घाईत खरी चित्रेही जातील, त्याचे काय? समजा, मढच्या शिवारात एखाद्या शेतकऱ्याने पहाटे पाणी धरावयास जाताना खराच बिबट्या पाहिला व त्याचे छायाचित्र घेऊन गावास सावध करण्यासाठी टाकिले. अंधारातले, हललेले, अस्पष्ट चित्र. यंत्रास ते बनावट वाटले, आणि तीन तासांच्या धाकाने कंपनीने ते पुसून टाकिले. मग त्या वाटेने मुले गेली. हा दोष लहान नाही. खोट्या चित्राने एक दिवस शाळा बुडते. खरे चित्र दडपल्याने जीव जाऊ शकतो. शिवाय लबाडास यातून एक नवी पळवाटही मिळते. खरे छायाचित्र पुढे आले म्हणजे तो खुशाल म्हणतो, 'हे यंत्राने केलेले आहे.' म्हणून छाननीचा जो नियम केवळ पुसण्याचे शिकवितो, पारखण्याचे शिकवीत नाही, तो अर्धाच नियम होय.

यावर उपाय काय? आमच्या अल्पमतीस तीन सुचतात. एक, चित्र काढिले तर का काढिले हे टाकणाऱ्यास त्याच्या भाषेत, म्हणजे येथे मराठीत, कळविले पाहिजे, आणि त्यास दाद मागण्याची सोपी वाट असली पाहिजे. शेतकऱ्यास इंग्रजी अर्ज भरावयास सांगणे म्हणजे दाद नाकारणेच. दुसरा, ज्या चित्राचा संबंध लोकांच्या जीविताशी आहे ते पारखण्यास यंत्रावर न विसंबता मुलखाची माहिती असलेला माणूस बसविला पाहिजे. परदेशात बसलेल्या तपासनिसास मढच्या थांब्यावरील बिबट्या असंभवनीय वाटेल. ओतूर-मढकडील माणसास तो असंभवनीय वाटणार नाही, आणि म्हणूनच तो पाटीची अक्षरे आधी वाचील. तिसरा, वनखाते, ग्रामपंचायत व शाळा यांच्याकडून खरे-खोटे लवकर जाहीर झाले पाहिजे. गावास वेळेवर खरी बातमी मिळाली म्हणजे खोट्या बातमीचा बाजार आपोआप मंदावतो. 'ते चित्र खोटे होते' हे कळण्यास त्या पालकांस दोन दिवस लागले. ते दोन तासांत कळावयास हवे होते.

एवढे कंपनीविषयी व सरकाराविषयी झाले. परंतु हे पुस्तक विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या हाती जावयाचे आहे, म्हणून मुख्य गोष्ट त्यांच्याशी बोलावयाची आहे. आपल्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी दहा आज्ञा सर्वांनी ऐकिल्या आहेत. त्यांतील नववी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करिते. ही शिकवण एका धर्मापुरती नाही. सत्याची महती आपल्या सर्व संतांनी गाइली आहे. या आज्ञेचा अर्थ लावताना आपण सामान्यतः न्यायालयातील साक्षीदार डोळ्यांपुढे आणितो. आता प्रत्येक घरात, प्रत्येकाच्या खिशात, साक्षीदाराचा पिंजरा येऊन बसला आहे. चित्र पुढे धाडताना आपण काही बोलत नाही, असे आपल्यास वाटते. वस्तुतः आपण आपले नाव त्यास जोडीत असतो. मढच्या पालकांनी त्या चित्रावर विश्वास ठेविला तो अनोळखी करणाऱ्यावर नव्हे. ते ज्या शेजाऱ्याकडून आले त्याच्यावर. खोटे चित्र चालते ते असे भल्या माणसांच्या पतीवर. म्हणून करणाऱ्याचा अपराध मोठा खरा, परंतु न पाहता पुढे ढकलणाराही अगदी निर्दोष सुटत नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांस आमचे सांगणे असे. चित्र आले म्हणजे आधी विचारावे: हे कोणी घेतले? केव्हा घेतले? कोठे घेतले? आणि ज्याने मला धाडिले त्याने ते स्वतः पाहिले आहे काय? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत तर चित्र आपल्यापाशीच थांबवावे. पाट्यांची अक्षरे, हातांची बोटे, सावल्या, प्रतिबिंबे न्याहाळावी. मात्र त्यांवर फार भिस्त ठेवू नये, कारण यंत्रे दिवसेंदिवस सुधारत आहेत व उद्या पाटीवरील मराठीही शुद्ध येईल. शेवटचा आधार डोळा नव्हे. विचारपूस हाच होय. बिबट्याविषयीचे चित्र असेल तर ते गटात न टाकता प्रथम वडील माणसांस दाखवावे, आणि त्यांनी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर अथवा गावच्या वनरक्षकास कळवावे. चित्र खोटे निघाले तर काही बिघडत नाही. खरे निघाले तर योग्य माणसास ते योग्य वेळी कळले असे होईल. आणि ज्यांस या यंत्राने चित्रे करण्याची हौस आहे त्यांनी ती खुशाल करावी, परंतु आपली खूण व आपले नाव त्यावर घालावे. ज्या चित्रावर नाव घालावयास लाज वाटते ते करूच नये.

पालकांसही एक विनंती आहे. मुलाने खोटे चित्र ओळखून 'हे खरे नाही' असे सांगितले, तर त्यास 'तू लहान आहेस, तुला काय कळते' असे म्हणून गप्प बसवू नये. या एका बाबतीत मुले पुष्कळदा आपल्याहून पुढे आहेत. तसेच, मुलाने स्वतः असे चित्र केले असल्याचे उघडकीस आले तर मारझोड न करिता, ज्यांस त्याचा त्रास झाला त्यांच्यासमोर त्यास उभे करावे व क्षमा मागावयास लावावी. कॉटिंग्लीच्या त्या बहिणींनी पहिल्याच दिवशी घरी खरे सांगितले असते, तर ती थट्टा थट्टाच राहिली असती. पुढे ती इतकी वाढली की पाच तपांहून अधिक काळानंतर म्हातारपणी त्यांस कबुली द्यावी लागली.

आम्ही इतरांस नियम सांगतो, तर तो आधी आपल्या घरी लागू करावा हे बरे. म्हणून या वार्षिकाच्या संपादक मंडळास आमची सूचना आहे की, पुढील अंकापासून येथे छापल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्राखाली ते हाताने काढिले, कॅमेऱ्याने घेतले की यंत्राकडून करविले हे व करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव छापावे. विद्यार्थ्यांचे चेहरे असलेली छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून बाहेर कोठेही देऊ नयेत. यास खर्च नाही. एका ओळीची जागा लागते.

मढच्या त्या मुलीचा एक दिवस बुडाला, तो काही फार मोठा नव्हे. तिने तो अभ्यास भरूनही काढिला. तिच्या घरी मात्र अजून सांज झाली म्हणजे आई अंगणात येऊन रस्त्याकडे पाहते. तिची भीती खोटी नाही, कारण बिबट्या खोटा नाही. म्हणूनच जेव्हा कधी खरोखर सावध होण्याची वेळ येईल, तेव्हा त्या माउलीस हाती आलेल्या चित्रावर निःशंकपणे विश्वास ठेविता आला पाहिजे. तो विश्वास राखणे हे कंपनीचे, सरकारचे आणि तितकेच आपले काम आहे. आमच्या बालवाचकांनी त्यातील आपला वाटा आजपासून उचलावा, एवढीच त्यांस आमची कळकळीची विनंती आहे.